अनुमोदन कोणाचं?

“दारात उभ्या असलेल्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं, जुई. त्याला घरी नेशील तर आधी त्याचं नाव सांगून ने. नाहीतर नेऊच नको.”

मोनालीनं हे सांगितलं तेव्हा मी आरशासमोर होते आणि माझ्या तोंडात दोन पिना होत्या. पिनांसकट हसले मी. म्हटलं, “अगं, क्रिकेटची टीम निवडायला येतोय तो. मला मागणी घालायला नाही!”

ती जवळ आली. माझ्या ओढणीची घडी सारखी करून दिली आणि खिडकीशी जाऊन बसली.

हे लिहितेय तेव्हा तारा माझ्या मांडीवर झोपली आहे. आठ महिन्यांची आहे. समोर टीव्हीवर वन-डे चालू आहे, आवाज बंद करून. मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. सगळ्याच आया बघत असतील, मी जरा जास्तच. पण बघत राहायची सवय मला आधीपासून आहे. शर्टाचं बटण, पायातली चप्पल, समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेष... मला सगळं दिसतं. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटते. ही गोष्ट तशा एका वेळेची आहे, आणि ती सांगताना अजूनही कान गरम होतात.

मी मूळची अकोल्याची, जुन्या शहरातली. एम.एस्सी.साठी अमरावतीला खोली घेऊन राहत होते, मोनालीसोबत. मंगळवारी अंबादेवीला जायचं, हा आईनं घातलेला नेम. मार्चमधला असाच एक मंगळवार. ऊन तापायला लागलं होतं. देवळाबाहेरच्या रांगेत एका गाडीवर ओलं पोतं टाकून मोगरा झाकलेला होता, आणि पोतं उचललं की वासाचा थंड झोत अंगावर यायचा.

“ताई, हार देऊ का? आताच ओवला.”

मी हार घेतला. दर्शन झालं. गांधी चौकात दही-चटणीतला गिला वडा खाताना हात पुसायला हाराचा कागद उलगडला, तर पेपरातल्या टेंडर नोटिसांच्या समासात निळ्या पेनानं नावं लिहिलेली. सचिन, रोहित, कोहली, रिचर्ड्स, बेव्हन... खाली अक्रम, मुरली, मॅकग्रा. मोजली. बरोबर अकरा. वर लिहिलं होतं – ‘सगळ्यात भारी वन-डे टीम. फायनल. आता बदलायची नाई.’

माझा वडा हातातच राहिला. मी परत गेले. तो देठं कापत होता.

“ही टीम तुमची?”

त्यानं कागद पाहिला आणि कानापर्यंत लाल झाला. “बापा... चुकून गेला वाटते थो कागद. मी खेळाचं पान कधीच हाराले लावत नाई, पन हे तं टेंडरचं होतं.”

“तुमच्या टीममध्ये कीपरच नाही.”

कात्री थांबली. त्यानं मान वर केली. डोळ्यांत असा काही आनंद, जणू वर्षभर कुणीतरी हे विचारावं म्हणून तो तिथे बसला होता.

“नीट पाहा. सहाव्या नंबरवर कोन हाय?”

“द्रविड.”

“२००३ च्या वर्ल्ड कपले ग्लोव्हज कोनाच्या हातात होते?”

मी आठवून पाहिलं. होते... त्याच्याच हातात होते.

“गिलख्रिस्ट घेतला तं सारे म्हनतात बरोबर. धोनी घेतला तरी बरोबर. पन याचं काम नोतं हे, मॅडम. टीमले एक बॅट्समन जास्त पायजे होता, म्हनून यानं ग्लोव्हज घातले. कोनी टाळ्या नाई वाजवल्या. माह्या टीममंदी असा एक मानूस पायजेच.”

“तुमच्या या माणसाला आमच्या अकोल्याच्या घरी कुणी उभं नाही करणार.”

“काहून?”

मग मला सांगावंच लागलं. माझे बाबा – अॅडव्होकेट हरिहर, दिवाणी दावे, डोक्यावर केस कमी आणि क्रिकेट जास्त – आणि त्यांचे तीन मित्र: यशोधनकाका वकील, किसनराव सर आणि देवळातले गुरुजी. दरवर्षी दसऱ्याला दुपारी चार वाजता आमच्या व्हरांड्यात त्यांची ‘निवड समिती’ बसते. सार्वकालिक वन-डे संघ. दसऱ्याला ठराव मांडायचे, दिवाळीच्या पाडव्याला मंजूर करायचे. कोर्टाच्या निळसर कागदावर, तारीख-वारासह. सुचवणारा स्वतः हजर पाहिजे. बाहेरचा असेल, तर घरच्या कुणीतरी उभं राहून त्याचं नाव सांगून अनुमोदन द्यायचं. आणि गेली आठ वर्षं त्या संघात दहाच माणसं, कारण कीपरवर दोन मतं गिलख्रिस्टला, दोन धोनीला.

तो इतका हसला की शेजारची नारळवाली बघायला लागली.

“आठ वर्षं बिनाकीपरची टीम? आन् तुमी मले बोलून राहिल्या?”

“मी समितीत नाही.”

“मंग कोठी असता तुमी?”

“चहा नेऊन देते.”

“म्हंजे बारावा खेळाडू!” तो म्हणाला आणि एक मोगऱ्याची कळी माझ्या कागदावर ठेवली, द्रविडच्या नावावर. “माहं नाव सागर. वलगावचा. फुलं आमच्याच वावरातली.”

“जुईली.”

“तरीच,” तो म्हणाला, आणि पुढे काय तरीच ते सांगितलंच नाही.

त्या दिवसापासून ‘ताई’ गेलं, ‘मॅडम’ही गेलं. मी ‘अकोलेवाली’ झाले. मंगळवारचा नेम मंगळवार-शुक्रवार झाला. आईला फोनवर सांगितलं, तर तिला भक्तीचं भरतं आलं.

दर भेटीत एक खेळाडू. तो म्हणायचा बेव्हन, मी म्हणायचे युवराज. मी वॉर्नसाठी भांडायचे, तो मुरलीसाठी. बोलता बोलता त्याची बोटं आपोआप हार ओवत असायची, आणि मी बोटांकडे बघतेय हे त्याला कळलं की गाठ चुकायची...

“बघू नको ना अशी. गिऱ्हाईकाचा हार वाकडा होऊन राहिला.”

“मी हाराकडे बघतेय.”

“हार तं तिकडं टांगला हाय, अकोलेवाली.”

त्याचं शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत. मग वडलांचे, शेषरावांचे, गुडघे गेले आणि गाडी याच्याकडे आली. हे त्यानं एकदाच सांगितलं, अजिबात रड न लावता. मी ते घरी कधीच सांगितलं नाही. घरी मी सागर हा शब्दच काढला नव्हता. ‘सांगू की’, असं मनात म्हणायचे. परीक्षा झाल्यावर... गणपतीनंतर...

आणि नवरात्रात मीच म्हटलं, “दसऱ्याला ये. आमची रिकामी जागा भरून दे.”

तो थबकला. “दसऱ्याले? दसऱ्याले तं आमची...” मग एकदम म्हणाला, “येतो. चारले ना? येतो.”

दसरा म्हणजे फुलवाल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते त्याच्या तोंडून ‘येतो’ ऐकताना आवडलं. हेही लिहून टाकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला निघाले, तेव्हाच मोनालीनं ते दारात उभ्या माणसाचं सांगितलं. मी ते पिनांबरोबर विसरले.

चारला पाच कमी होते. व्हरांड्यात समिती बसली होती. आत आई, दोन मावश्या, आत्या. समोरच्या लोखंडी फाटकाची कडी वाजली. सागर. हातात झेंडूची भरलेली पिशवी. अंगात नवा आकाशी शर्ट, आणि त्या शर्टावर छातीपासून खालपर्यंत मापाची पारदर्शक पट्टी तशीच चिकटलेली. एल, एल, एल, एल...

मला ती फाटकापासून दिसली. दोन पावलं पुढे गेले असते, ‘अरे, पट्टी’ म्हटलं असतं, तर संपलं असतं. पण मागून मोठी मावशी म्हणाली, “कोण गं हा?” आणि माझ्या तोंडून निघालं, “मोनालीच्या ओळखीचा फुलवाला आहे. ताजी फुलं आणून देतो.”

तो पायरीवर उभा होता. ऐकू गेलं असणार. तरी हसला माझ्याकडे बघून. त्याला वाटलं असेल, आता सांगेल, जरा वेळानं सांगेल.

व्हरांड्यात तोफखाना चालूच होता. यशोधनकाका म्हणत होते, “हरिहर, यंदाही दोन-दोन. लिहून टाक, जागा रिक्त.”

“काका,” पायरीवरून आवाज आला. “मी एक बोलू का?”

चारही डोकी वळली.

“द्रविडले द्या ग्लोव्हज.”

किसनराव सरांनी मांडीवर थाप मारली. “अरे! अरे हो! दोघांचंही भांडण संपलं!” गुरुजी म्हणाले, “आठ वर्षं हे आपल्याला कसं सुचलं नाही?” काका विरोध करायला उठले आणि मुद्दा न सापडून खाली बसले. बाबांचे डोळे चमकत होते. तसे ते फक्त दावा जिंकल्यावर चमकतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“सुचवणारा हजर आहे. उत्तम.” त्यांनी सागरकडे बघितलं, मग सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. “अनुमोदन कोणाचं?”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मावशीची नजर त्या पट्टीवर होती. एल, एल, एल...

“बाबा, तो फुलं द्यायला आलाय फक्त.”

बाबांनी थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग टोपण लावलं.

“अनुमोदन नाही. ठराव दप्तरी दाखल.”

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, दरवर्षीचंच. सागरही हसला. त्यानं पिशवी पायरीवर टेकवली, एक फूल बाहेर पडलं होतं ते उचलून आत ठेवलं, आणि म्हणाला, “चलतो काका. आई एकटीच हाय गाडीवर.”

फाटकाची कडी त्यानं आवाज न करता लावली.

परत गेल्यावर मोनालीनं ‘सांगितलं होतं ना’ असं म्हटलं नाही. चहा केला. विचारलं, “त्यानं काही म्हटलं?”

“काहीच नाही.”

“ते जास्त लागतं,” ती म्हणाली, कपाकडे बघत. तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा माझंच रडू पुरेसं होतं.

मंगळवारी गाडीवर गेले. शब्द पाठ करून. तो शेवंती तोलत होता.

“बोला ताई. काय देऊ?”

ताई. आवाजात राग असता तर भांडता आलं असतं. तिथे काहीच नव्हतं. देवीला येणाऱ्या शंभर जणींना म्हणतो तसं, तितक्याच अदबीनं. मी हार घेतला. कागदाचा समास कोरा होता.

शुक्रवारी पुन्हा ‘ताई’. पुढच्या मंगळवारी मी रस्त्याच्या पलीकडूनच परतले.

पाडव्याला अकोल्याच्या व्हरांड्यात सकाळी नऊला समिती बसली. फराळाची ताटं फिरली. बाबा वाचू लागले, “कीपर : रिक्त. कुणाची हरकत?”

“माझी.”

मीच बोलले होते. हातात ट्रे नव्हता. तो मी मुद्दाम आत ठेवून आले होते.

“दसऱ्याला सागर शेषराव, राहणार वलगाव, यांनी ठराव मांडला होता. त्याला माझं अनुमोदन आहे. तो माझा... मोनालीच्या ओळखीचा नाही तो. माझ्या ओळखीचा आहे. मीच बोलावलं होतं त्याला.”

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. यशोधनकाका चकली तोंडात धरून तसेच बसले.

बाबांनी चष्मा काढला. “त्या दिवशी मी कुणाकडे बघून विचारलं होतं, जुई?”

“...माझ्याकडे.”

“दसऱ्याच्या दिवशी कोणता फुलवाला गाडी सोडून शंभर किलोमीटर येतो? तेही पूजा आटोपल्यावर, दुपारी चारला, झेंडू घेऊन? अकोल्यात झेंडू संपला होता का?” त्यांची उलटतपासणी नेहमी अशीच मऊ असते. “मला वाटलं, मी दार उघडून देतोय. तू ट्रे धरून उभी राहिलीस.”

म्हणजे मी सागरला आणि बाबांना, दोघांनाही कमी लेखलं होतं. जमिनीत जावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्या सकाळी कळलं.

“आज घ्या ना मग ठराव.”

“सुचवणारा हजर नाही.” त्यांनी कागदाची घडी केली. “समिती तहकूब. सुचवणारा येईपर्यंत.”

मी आईकडे न बघता निघाले. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत उभी होते.

दुपारी गाडीवर झुंबड होती. पाडव्याच्या गाड्यांच्या पूजा, दुकानांची तोरणं. सागरशेजारी पोत्यावर त्याची आई, पार्बताबाई, दोरा दातानं तोडत बसली होती. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला.

“बोला ताई.”

“हार नको. अनुमोदन द्यायला आलेय.”

मागून एक बाई म्हणाली, “भाऊ, शेवंती दे आधी!” त्यानं शेवंती दिली. मी बोलतच राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा जीभ चिकटली असती. “मी पट्टी बघितली होती, सागर. शर्टावरची. फाटकातून येतानाच दिसली होती. सांगितलं नाही. मला लाज वाटली... तुझी. आणि त्या दिवसापासून माझीच वाटतेय. आज सगळ्यांसमोर तुझं नाव सांगून आलेय. बाबा कागद घेऊन बसलेत.”

“अर्धा किलो झेंडू,” कुणीतरी म्हणालं. त्यानं तोललं. पारडं खालीवर होत राहिलं.

पार्बताबाईनं दोरा बाजूला ठेवला. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “सागर, कोन हाय रे हे पोरगी?”

आता त्याची पाळी होती. ‘गिऱ्हाईक हाय, आई’, एवढं म्हटलं असतं तरी फिट्टंफाट होती, आणि मी मुकाट्यानं निघून गेले असते. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अंबादेवीसमोर उभं राहून मी कधी इतकं मागितलं नव्हतं.

त्यानं तराजू खाली ठेवला.

“हेच थे, आई. हिच्याचसाठी शर्ट घेतला होता.”

एका श्वासात, रांगेतल्या वीस माणसांसमोर. मला महिने लागले होते.

पार्बताबाई म्हणाली, “मंग उभी काहून ठेवली तिले? बस व माय.” आणि पोत्यावर सरकून जागा केली.

मी बसले. रडत तोरणाची पानं दुमडत बसले. जरा वेळानं माझ्या ओंजळीत एक कळी पडली.

“रडू नको ना, अकोलेवाली. पानं ओली होऊन राहिली.”

“ओलीच टिकतात ती.”

“हे कोनं शिकवलं तुले?”

“तूच...”

चारला माल संपला. साडेसातला आम्ही फाटकाशी होतो. तोच आकाशी शर्ट, पट्टी नसलेला. बाबा व्हरांड्यात तोच कागद मांडीवर घेऊन बसले होते, बाकीचे तिघेही. या वेळी पायरीवर मी त्याच्याआधी चढले आणि त्याचं नाव सांगितलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढे चार महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. लग्नात मात्र हार वलगावचेच असावेत, हे तिनंच सांगितलं. तो कागद आता आमच्या घरी आहे, अकराच्या अकरा नावांचा.

इथे संपवता आलं असतं. पण लाज तशी संपत नाही. परवा ताराला लस द्यायला घेऊन गेले होते. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, मिस्टर काय करतात? मी म्हटलं, “शेती... आणि व्यवसाय.” फुलं विकतात, असं म्हणायला मला अजूनही अर्धा क्षण लागतो. तारा खांद्यावरून माझ्याकडे टकमक बघत होती. तिला काय कळतंय. पण मी मागे वळले आणि त्या बाईला शोधून सांगितलं, “अंबादेवीजवळ फुलांची गाडी आहे आमची.” तिला वाटलं, मी जाहिरात करतेय.

घरी येऊन सागरला सांगितलं. तो म्हणाला, “वळली ना पन? झालं तं मंग.” आणि ताराला उचलून टीव्हीसमोर घेऊन गेला, द्रविड कोण ते समजावायला.

त्या संध्याकाळी मला मोनाली आठवली. दारात उभ्या असलेल्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं... हे तिला कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. ती उभी होती. कुठल्या तरी दारात, कुणाच्या तरी घरात ‘ही फक्त मैत्रीण आहे’ किंवा त्याहून वाईट काही ऐकत. दोन वर्षं एका खोलीत राहिले, तिच्या हातचा चहा प्यायले, आणि एकदाही विचारलं नाही. लग्नाला ती आली नाही. ताप आहे, एवढाच मेसेज. मग तिचा नंबर लागेनासा झाला. ती दर्यापूरची. बस स्टँडच्या मागे घर, अंगणात तगर आहे आणि निळं दार आहे, असं सांगायची.

तारा लहान आहे, जीपमध्ये गर्दी असते, दर्यापूरला न जायची ही कारणं मी सागरला देते. तुम्हाला खरं सांगते, तोंड दाखवायची लाज वाटते. लाज जाईल कधीतरी, मी जाईनही. पण तोवर तुमच्यापैकी कुणी दर्यापूरकडे गेलं, तर निळ्या दाराशी जरा थांबा. मोनाली आहे का विचारा. तिला म्हणावं, जुईलीनं विचारलंय, तू कुणाच्या दारात उभी होतीस? उशिरा विचारलंय, पण विचारलंय.

आणि ती बरी आहे ना, तेवढं नीट बघून या.